पगार थांबला आणि भाव चढले तर घर किती दिवस तग धरेल? भांडुपच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. भांडुपला वन बीएचके, घरात पाच माणसं, तुम्ही दोघं, दोन शाळेतली मुलं आणि ७२ वर्षांच्या सासूबाई, त्यांना बीपी आणि शुगर. मिस्टरांचा हातात येणारा पगार ६२ हजार, तुमच्या ट्यूशनचे साधारण ९ हजार. घराचा हप्ता साडेचोवीस हजार, बाइकचा ३८००. मिस्टरांच्या अंधेरीच्या कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज चाललीय आणि इकडे व्हॉट्सअॅपवर रोज येतंय की गॅस मिळणार नाही, तेल संपणार, सहा महिन्यांचं रेशन भरून ठेवा. तुम्ही विचारलंय की खरंच सहा महिन्यांचं सामान भरू का, एफडी मोडून बाइकचं कर्ज फेडून टाकू का, आणि थोडं सोनं घेऊन ठेवू का.

मी सहकारी पतपेढीच्या कर्ज विभागात केस पांढरे होईपर्यंत काम केलंय आणि रिटायर झाल्यापासून बचत गटाच्या बायकांचे हिशेब बघते. त्या अनुभवावरून एक गोष्ट अगदी खात्रीने सांगते, मुंबईत घर तूरडाळ महागली म्हणून बुडत नाही. डाळ महागली की आपण आमटी पातळ करतो, आठवड्यातून दोनदा कुळथाची पिठी करतो, निभतं. घर बुडतं ते तीन गोष्टींनी, पगार थांबलेला असताना दर महिन्याला जाणारा हप्ता, अचानक आलेलं हॉस्पिटल, आणि घरातल्या एकाने दुसऱ्यापासून लपवलेलं कर्ज. म्हणून तयारीची सुरुवात धान्याच्या पोत्यापासून नाही, वहीपासून करायची.

तुम्ही दिलेले आकडे मी मांडून बघितले. हप्ता २४,५००, सोसायटीचा मेंटेनन्स ३,२००, मुलांची फी महिन्याला सरासरी ६,०००, सासूबाईंची औषधं २,५००, बाइक ३,८००, विमा ३,०००. हे झाले न टळणारे खर्च. त्यात लाइट-गॅस-मोबाइल काटकसरीने २,८००, किराणा-भाजी-दूध आवळून १२,००० आणि येण्याजाण्याचे १,५०० धरले तर बेरीज येते ५९,३००. म्हणजे हॉटेल नाही, कपडे नाहीत, कोणाच्या लग्नाचा आहेर नाही तरी घराला महिना ५९ हजार लागतातच. मिस्टरांचा पगार उद्या बंद झाला तर तुमचे ९ हजार वजा जाता दर महिन्याला ५०,३०० चा खड्डा. तुमच्याकडे एफडी १ लाख ८० हजार आणि आरडीचे ४० हजार, म्हणजे २ लाख २० हजार. भागाकार करा, साडेचार महिन्यांना थोडे कमी. हा आकडा तुमच्या घराचा खरा आकडा आहे, तो फ्रिजवर लावून ठेवा, आणि इथून पुढे कुठलाही पैसा खर्च करताना एवढंच विचारायचं की याने हा आकडा वाढतो की कमी होतो.

आता बाइकचं कर्ज. तुम्ही म्हणता ३० हजार बाकी आहेत, फेडून टाकले की डोक्याचा ताप जाईल. पण बघा, ३० हजार देऊन टाकले तर हातात राहिले १ लाख ९० हजार आणि महिन्याचा खड्डा झाला ४६,५००. भागाकार केला तर चार महिने आणि वर दोन-तीन दिवस. म्हणजे कर्ज फेडून तुमची ताकद वाढली नाही, उलट कमी झाली. वाईट दिवसांच्या तोंडावर हातातली रोकड सोडायची नाही, हा आमच्या धंद्यातला अनुभव आहे. होम लोनमध्येही जास्तीचे पैसे भरू नका, साध्या होम लोनमध्ये एकदा भरलेला पैसा बँक परत देत नाही, मग नोकरी गेली की तोच पैसा पर्सनल लोन म्हणून दुप्पट व्याजाने मागायला जावं लागतं. अपवाद एकच, क्रेडिट कार्डाची थकबाकी. ती असेल तर आजच फेडा, कारण कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांपर्यंत व्याज लागतं, वर्षाचं चाळीसच्या वर जातं. त्याच्यासमोर एफडीचं व्याज काहीच नाही. तुम्ही कार्डाबद्दल काही लिहिलेलं नाही म्हणून विचारते, मिस्टरांना पण विचारा, रागावून नाही, चहा पिताना, की अजून कुठे काही आहे का, कोणाला जामीन राहिलात का, मोबाइलवरच्या लोन अॅपमधून काही घेतलंय का. पतपेढीत मी बघायचे, नोटीस घरी गेली की बायकोला पहिल्यांदा कळायचं की नवरा मित्राच्या कर्जाला जामीन आहे, आणि जामीनदार कर्जदाराइतकाच बांधील असतो, हे सही करताना कोणी नीट समजावून सांगत नाही. यापुढे कोणाच्याही कागदावर सही नाही, सख्खा भाऊ असला तरी नाही, हवं तर झेपतील तेवढे पैसे हातात द्या पण सही नको.

एफडी एकच १ लाख ८० ची असेल तर तिच्या मुदतीला सहा तुकडे करून ठेवा, तीस-तीस हजारांचे, म्हणजे गरज लागली की एकच मोडेल, बाकीच्यांचं व्याज शाबूत. खातं दोघांच्या नावावर ठेवा, दोघांपैकी कोणालाही पैसे काढता येतील असं, नॉमिनी लावा. आणि पैसे कुठे आहेत ते बघा. बँकेत असतील, मग ती सहकारी बँक का असेना, तर ठेव विम्याचं संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत आहे (२०२० च्या फेब्रुवारीच्या आधी ते फक्त १ लाख होतं). पण पतपेढीतल्या ठेवींना हा विमा लागू नाही. मी स्वतः आयुष्य पतपेढीत काढलं, माझा या संस्थांवर जीव आहे, तरी सांगते की अडीअडचणीसाठी ठेवलेला सगळा पैसा एकाच पतपेढीत ठेवू नका, आणि खरं तर एकाच बँकेतही नको. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १००० रुपये काढता येत होते, आणि मुलुंड-भांडुप पट्ट्यात किती लोकांचे पगारसुद्धा त्याच खात्यात यायचे हे तुम्हाला माहीतच असेल. दोन बँका, दोन कार्डं. घरात आठवडाभराचा खर्च निघेल एवढी रोकड, तीही पन्नास-शंभरच्या नोटांत. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रीड बसली आणि अख्ख्या मुंबईची लाइट गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा ज्याच्या खिशात सुटे पैसे होते तो बसने घरी पोचला. यूपीआयवर सगळं सोडून चालत नाही.

हप्त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथेच लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि घाबरून चुकीचं करतात. नोकरी गेली तर पहिला हप्ता चुकायच्या आधी बँकेत जायचं, नंतर नाही. लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, की नोकरी गेलीय, अमुक महिने हप्ता कमी करून द्या किंवा मुदत वाढवून द्या. बँकेला खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत कर्जात गेलेलं, नको असतं, ९० दिवस थकलं की ते एनपीए होतं आणि मग मॅनेजरच्या हातात फारसं काही राहत नाही. त्यानंतर सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी तारण घर ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस येते, म्हणजे लोक समजतात तसं एक हप्ता चुकला आणि दुसऱ्या दिवशी घराला कुलूप असं होत नाही, पण तो मधला वेळ तोंड लपवण्यात घालवला तर मात्र हातात काही उरत नाही. टेबलाच्या त्या बाजूला बसून मी सांगते, जो माणूस स्वतःहून येऊन बसतो आणि आकडे समोर ठेवतो त्याच्यासाठी अधिकारी वाट काढायला बघतो, आणि जो फोन उचलत नाही त्याची फाइल वसुलीकडे जाते.

पैसे सगळ्यांना पुरत नसतील तर आधी कोणाला द्यायचे? अन्न, औषध, लाइट बिल आणि कामावर जायचा पास हे पहिलं. मग राहतं घर. मग मुलांची फी, तिथेही शाळेत जाऊन बोला, तिमाहीची फी महिन्यावर करून देतात बऱ्याच शाळा. पर्सनल लोन आणि कार्डवाले सगळ्यात शेवटी. होतं नेमकं उलटं, जो जास्त फोन करतो, जास्त अंगावर येतो त्याला लोक आधी पैसे देतात आणि घराचा हप्ता राहतो. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना धमकवायचं नाही. केलं तर लिहून ठेवा आणि तक्रार करा. सोसायटीचा मेंटेनन्स पण हलक्यात घेऊ नका, थकबाकीवर व्याज लावता येतं, सेक्रेटरीला आधी सांगून हप्ते पाडून घ्या.

आता हॉस्पिटल. तुम्ही लिहिलंय की मेडिक्लेम कंपनीचा आहे, सगळ्यांना कव्हर आहे. ताई, ते कव्हर बहुतेक वेळा नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतं. म्हणजे पगार गेला त्याच दिवशी विमा पण गेला. म्हणून नोकरी आहे तोवरच तुम्हा चौघांची छोटी का होईना स्वतःची पॉलिसी काढा. आधीपासूनच्या आजारांना वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तेवढा काळ त्यांचा खर्च मिळत नाही, जास्तीत जास्त तीन वर्षं, तो जितका लवकर सुरू होईल तितकं बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भार कमी झालाय. एचआरला हेही विचारून ठेवा की नोकरी सुटली तर याच विमा कंपनीकडे ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, तशी सोय नियमात आहे, पण मागावी लागते आणि वेळेत मागावी लागते. सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड, काढून घ्या, उत्पन्नाची अट नाही, ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे, आधार लागतं. आणि मुलुंड-भांडुपमधलं कुठलं हॉस्पिटल ते कार्ड घेतं, कुठलं महात्मा फुले योजनेत आहे, हे आत्ता शांतपणे जाऊन विचारून या, रात्री दोन वाजता अॅम्ब्युलन्समध्ये बसून नव्हे. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, हे पण लक्षात असू द्या, तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं. रेशनकार्डावर सगळ्यांची नावं आहेत का, ई-केवायसी झालीय का ते बघा. धान्य मिळो न मिळो, कार्ड चालू पाहिजे.

सासूबाईंच्या गोळ्यांचा दोन महिन्यांचा साठा पुढे ठेवा, त्याहून जास्त नको कारण डॉक्टर डोस बदलतात आणि एक्स्पायरी असते. जनऔषधी केंद्रात त्याच घटकाच्या गोळ्या फार स्वस्त मिळतात, डॉक्टरांना विचारून बदला, स्वतःच्या मनाने नाही. प्रिस्क्रिप्शनचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये पाहिजे.

एवढं झालं की मग सामान. सहा महिन्यांचं भरू नका. वन बीएचकेत जागा नाही, पावसाळ्यात मुंबईची हवा एवढी दमट की अर्धं खराब होईल, आणि तुमचे २५-३० हजार दिवाणाखाली जाऊन बसतील, ज्यांनी तुमचा अर्धा महिना निघाला असता. अफवेवर तर अजिबात जाऊ नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदीनंतर दोन-तीन दिवसांत मीठ संपलं अशी हूल उठली आणि मुंबईत, म्हणजे मिठागरांच्या शहरात, लोकांनी किलोला दोनशे-दोनशे रुपये मोजले! मीठ कुठेही गेलं नव्हतं.

पण तुटवडा कधीच येत नाही असंही नाही, फक्त आपल्याकडे तो येतो काही दिवसांचा, एखाद्या वस्तूचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कितीतरी भागांत दूध, भाजी, लाइट काही नव्हतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये वाशीचं मार्केट मधे काही दिवस बंद होतं. २०२२ ला युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल अडलं आणि त्यात एप्रिल-मेमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो त्यामुळे भाव लगेच चढला. यातल्या कुठल्याही वेळी ज्या घरात चालू महिन्याशिवाय आणखी एका महिन्याचं कोरडं सामान होतं ते घर रांगेत उभं राहिलं नाही. म्हणून माझा सल्ला, चालू महिना अधिक एक. पाच माणसांना साधारण गहू १२ किलो, तांदूळ १० किलो, डाळी-कडधान्य मिळून ५ किलो, तेल ४ लिटर, साखर ३, पोहे-रवा ३, शेंगदाणे दीड किलो, हे एका महिन्याचं. जास्तीचा महिना एकदम आणायचा नाही, दर महिन्याला नेहमीच्या यादीत थोडं वाढवत तीन महिन्यांत जमवायचं. आणि जे घरात रोज खाल्लं जातं तेच घ्यायचं, ओट्सची पाकिटं आणि कॅनमधलं काहीबाही नको. नवीन आणलेलं मागे, जुनं पुढे, वापरताना पुढचं.

आपल्या आयांनी हे सगळं केलेलंच आहे, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी म्हणजे दुसरं काय होतं. मे महिन्यात लालबागच्या मिरची गल्लीतून मिरची आणून वर्षाचा मसाला कुटून आणायचा, सुकट-बोंबील-जवळा उन्हं देऊन डब्यात, कोकमं, चिंच, पापड, सांडगे, कुळथाचं पीठ. पावसात भाजी महाग झाली, मासेमारी बंद झाली की हेच काढायचं. सासूबाई मालवणच्या आहेत ना, त्यांना विचारा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त येत असेल, आणि त्यांनाही बरं वाटेल की घराच्या अडचणीत आपलं काही काम आहे. सुकं जवळ्याचं कालवण, तांदळाची भाकरी आणि कोकमाची कढी यात पाच माणसांचं जेवण किती थोडक्यात होतं बघा. मेतकूट, भाजणी, नाचणीचं पीठ हे गॅसही वाचवतं.

वेळ बघून घेण्यातही पैसे वाचतात. गव्हाची खरेदी एप्रिल-मेमध्ये, नवा माल येतो आणि वाळवायला ऊन असतं. तुरीचं नवं पीक हिवाळ्यात येतं, तूरडाळ जानेवारी-फेब्रुवारीत बघा. कांदा उन्हाळी निघाला की एप्रिल-मेमध्ये स्वस्त, आणि साठवणीतला संपत येतो तेव्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर रडवतो, पण म्हणून मुंबईत पोतंभर कांदा भरू नका, पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत कोंब येतात नाहीतर काळा पडतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा टिकतात, हवेशीर जागी टांगल्या तर बरेच महिने जातात, त्या दोन-तीन घेऊन ठेवा.

धान्य टिकवायचं तर गच्चीवर दोन-तीन कडक उन्हं द्या, पण गरम धान्य लगेच डब्यात भरू नका, रात्रभर थंड होऊ द्या, नाहीतर आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. तूरडाळीला किलोला अर्धा चमचा एरंडेल चोळा, तांदळात कडुनिंबाचा वाळलेला पाला, तमालपत्र, लवंगा. रवा कोरडा भाजून ठेवला तर जाळी धरत नाही. शेंगदाणे कमीच आणा, खवट होतात. तेलाचा १५ लिटरचा डबा स्वस्त पडतो खरा पण एकदा उघडला की वास येईपर्यंत वापरावा लागतो, त्यापेक्षा लिटरच्या पिशव्या. आणि हात जोडून सांगते, किडीसाठी कोणी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आणून दिल्या तर घरात येऊ देऊ नका, दमट हवेत त्यातून विषारी गॅस निघतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं गेलेली आहेत.

पाच घरं मिळून आणलं तर आणखी फरक पडतो, वाशीहून ५० किलोची गोणी आणायची आणि दहा-दहा किलो वाटून घ्यायची, टेम्पोचं भाडंही वाटलं जातं. आमच्या गटातल्या बायका दर दिवाळीआधी हे करतात. त्याचबरोबर कोपऱ्यावरच्या वाण्याला सोडू नका. दहा मिनिटांत सामान आणून देणारं अॅप चांगलं आहे पण ते उधारी देत नाही. महिन्यातलं थोडं तरी सामान वाण्याकडून घ्या, खातं चोख ठेवा, वेळेवर भागवा. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी लालबागलाच वाढत होते, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि कितीतरी घरं महिनोन् महिने वाण्याच्या वहीवर जगली. ज्यांचं खातं आधीपासून साफ होतं त्यांना वाण्याने नाही म्हटलं नाही.

त्या दिवसांत आणखी एक बघितलं, जिथे बाई खानावळ चालवत होती, डबे देत होती ते घर टिकलं. प्रेमा पुरव यांनी त्याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून १९७५ ला अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. तुमच्या ट्यूशनकडे मी त्या नजरेने बघते. ९ हजारांचे १५ हजार झाले तर तुमचा साडेचारचा आकडा पाचवर जातो, आणि हे मिस्टरांची नोकरी जायच्या आधी सुरू करा, नंतर घाईत पोरं मिळत नाहीत. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक बॅच, सुट्टीत हस्ताक्षराचा वर्ग, जे जमेल ते.

गॅसचं, एक बाटली असेल तर दुसऱ्या बाटलीसाठी अर्ज करा, आणि पहिली संपली की त्याच दिवशी बुकिंग, दुसरी संपायची वाट बघायची नाही. आपण निम्म्याहून जास्त एलपीजी आयात करतो, बहुतेक आखातातून, त्यामुळे तिकडे गडबड झाली की डिलिव्हरी लांबू शकते ही भीती खोटी नाही. पाइप गॅसवालेही निर्धास्त राहू नयेत, नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेला आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात गॅस पाइपलाइनचं नुकसान झालं आणि सीएनजी पंपांवर रिक्षांच्या रांगा लागल्या होत्या. एक इंडक्शन शेगडी घेऊन ठेवा, पण दोन गोष्टी बघून, घरात १६ अँपचा पॉइंट आहे का, आणि कुकर इंडक्शनवर चालणारा आहे का, साधा अॅल्युमिनियमचा चालत नाही. ब्लॅकने तिसरी बाटली आणून बाल्कनीत ठेवणं तर अजिबात नको, ते बेकायदेशीर आहे आणि खाली मुलं झोपतात.

पाण्याचं वेगळंच असतं. आपल्या सात तलावांत जूनमध्ये पाणी तळाला गेलं की कपात लागते, २०२४ ला मे अखेर ५ टक्के आणि जूनमध्ये १० टक्के होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये टँकरवाले संपावर गेले तेव्हा टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांची काय अवस्था झाली ते आठवा. लाइट गेली की पंप बंद, म्हणजे खालच्या टाकीत पाणी असून वर नाही. म्हणून पिण्याचं निदान ४०-५० लिटर झाकून ठेवा, पाच माणसांना तीन दिवस जाईल, वापरायचं वेगळ्या ड्रममध्ये. ड्रमला घट्ट झाकण, आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून घासायचा, डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात होतो आणि अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

मिस्टरांच्या कागदांचं पण या महिन्यात उरका. पीएफचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, चालू आहे का, आधार-बँक जोडलेलं आहे का, नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं आहे का, नॉमिनी तुम्ही आहात का. गेल्या दोन वर्षांच्या सॅलरी स्लिप, अपॉइंटमेंट लेटर ऑफिसच्या मेलवर असतील तर घरच्या मेलवर घ्या, काढलं की मेल त्याच दिवशी बंद होतो. एचआरने बोलावून इथे राजीनाम्यावर सही करा म्हटलं तर लगेच सही करायची नाही, एक दिवस मागून घ्यायचा आणि कामगार कायदा कळणाऱ्याला दाखवायचं, स्वतःहून दिलेला राजीनामा आणि कंपनीने काढणं यात मिळणाऱ्या पैशांचा मोठा फरक पडू शकतो.

मुलांपासून लपवू नका. मोठा आठवीत आहे म्हणता, त्याला कळतं. आकडे सांगू नका हवं तर, पण यंदा पिकनिक नाही, सायकल पुढच्या वर्षी, असं सरळ सांगा. मुलं समजून घेतात, त्यांना फक्त आई-बाबांचं दाराआड चाललेलं भांडण झेपत नाही.

राहिलं सोनं. आत्ता घेऊ नका. दागिन्यावर घडणावळ जाते, विकताना घट धरतात, आणि तुमची गरज पुढच्या सहा महिन्यांतल्या रोकडीची आहे. घरात आहे तेवढं पुरे, वेळ आलीच तर विकण्याआधी बँकेत सोनेतारण करा, पर्सनल लोनपेक्षा व्याज बरंच कमी पडतं, पण सावकाराकडे किंवा गल्लीतल्या पेढीवर पावतीशिवाय ठेवू नका, आणि सोडवायची तारीख वहीत लिहा. सोन्यासाठी बाजूला काढलेले २० हजार एफडीत टाका. तुमच्या आकड्यात बारा दिवस वाढतील. पुढच्या महिन्याचा हिशेब मांडलात की परत लिहा, विशेषतः कार्डाचं आणि जामिनाचं मिस्टर काय म्हणाले ते, त्यावर बाकीचं ठरवता येईल.